फाल्गुनातली तारकर्ली: आज काय गावला?

फेब्रुवारी संपत आला की शहरात वसंत येतो तो मुख्यतः होर्डिंगवर. मॉलमध्ये 'स्प्रिंग-समर कलेक्शन' लागतं, ऑफिसात एसीच्या टेंपरेचरवरून भांडणं सुरू होतात आणि अप्रेझलचे फॉर्म मेलबॉक्समध्ये येऊन पडतात. आपला वसंत संपला! मग कुणीतरी म्हणतं, चला यार, मे महिन्यात तारकर्लीला जाऊ. स्कूबा, पॅरासेलिंग, सुरमई फ्राय, फुल टू धमाल.

जा ना, जरूर जा. पण माझं ऐकाल तर मे महिन्याची वाट बघू नका. फाल्गुनात जा. ३१ डिसेंबरची गर्दी ओसरलेली असते, परीक्षांमुळे फॅमिली पब्लिक घरीच असतं आणि घामाच्या धारा अजून लागलेल्या नसतात. पंचांगात विचाराल तर वसंत चैत्रात सुरू होतो, फाल्गुन अजून शिशिराच्याच खात्यात जमा. तारकर्लीत मात्र तो चैत्रासाठी थांबत नाही. आंब्याला मोहोर असतो, लवकर धरलेल्या फांद्यांवर सुपारीएवढ्या कैऱ्या लटकत असतात आणि काजूच्या झाडाखालून गेलं की एक गोडसर, किंचित आंबूस वास नाकात शिरतो. पहाटे पांघरूण लागतं, दुपारी पंखा लागतो. एकाच दिवसात दोन ऋतू, तेही कुठलंही पॅकेज न घेता!

माझी मावशी तारकर्लीत राहते. घराच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. एमटीडीसीच्या 'निवास व न्याहारी' योजनेनंतर इथल्या बऱ्याच घरांनी हा उद्योग सुरू केला, तसा तिनेही. मी दरवर्षी फाल्गुनात आठ-दहा दिवस तिच्याकडे जाते, पाहुणे कमी असतात म्हणून. या आठ-दहा दिवसांत मी काय 'करते' असं ऑफिसातले विचारतात. खरं सांगायचं तर यादीत लिहिण्यासारखं फार काही नाही.

दोन पाण्यांच्या मधली पट्टी

आधी जागा समजून घ्या. मालवणपासून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. वायरी मागे टाकली की रस्ता माडांमधून जायला लागतो. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी. मधली जमीन पुढे निमुळती होत जाते आणि देवबागला संपते, तिथे खाडी आणि समुद्र यांचा संगम. पलीकडे भोगव्याचा डोंगर दिसतो, तो वेंगुर्ले तालुका.

या भूगोलाचा एक मस्त फायदा आहे. सकाळचा सूर्य खाडीवर बघायचा आणि संध्याकाळचा समुद्रावर, मधलं अंतर चपला फटकारत चालण्याइतकं. मी पहिला चहा खाडीकडे घेते. या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्यामुळे समुद्र इतका सपाट असतो की सुरूच्या झाडांतून बघताना तो झोपलाय असंच वाटतं. अकरा-बाराच्या सुमारास वारा दिशा बदलतो, खारा वारा सुटतो, पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि माडांची झावळं बोलायला लागतात. मावशीच्या घरात घड्याळ आहे, पण दुपारच्या जेवणाची तयारी ती या वाऱ्यावर करते.

त्याआधी पेज. उकड्या तांदळाची, गरमागरम, वर मीठ आणि सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा खोबऱ्याची कातळी. रात्री मोबाइलवर जागणाऱ्या माणसाला सकाळी दहा वाजता पेजेसारखं औषध नाही. मुंबईत हीच पेज मी करून बघते तेव्हा ती चांगली लागते, पण औषध होत नाही. बहुधा तिला पडवी लागते.

दोरी धरा!

तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरताना लांबवर दोन रांगा दिसल्या तर थेट तिकडे जायचं. ती रापण. एक होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घालून जाळं सोडत सोडत परत किनाऱ्याला येते. मग दोन टोकांच्या दोऱ्या दोन रांगांनी ओढायच्या. कमरेला दोरी अडकवून, वाळूत टाचा रोवून, मागे मागे सरकत. शेवटचा माणूस दोरी सोडतो आणि पुढे पाण्याजवळ जाऊन पुन्हा धरतो. तास-दोन तास हेच. मोटर नाही, यंत्र नाही, तीस-चाळीस माणसांचं वजन आणि पाठ. घारी आणि सीगल डोक्यावर घिरट्या घालत असतात. हे सीगल हिवाळ्याचे पाहुणे, तेही आता परतीच्या तयारीत असतात.

तुम्ही कॅमेरा घेऊन उभे राहिलात की हमखास हाक येते. "काय गो बाय, बघतंस काय? धर दोरी!" मी धरते. तळहात दोन मिनिटांत लाल होतात. जिमची सगळी मेंबरशिप एका बाजूला आणि ही दोरी एका बाजूला.

जाळं किनाऱ्याला लागतं तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम पुढे होतात. गावात त्या दिवशी दुपारपर्यंत एकच प्रश्न फिरतो, "आज काय गावला?" कधी तारली, कधी पेडवे, कधी चांदीसारखे चमकणारे बांगडे, कधी नुसताच शेवाळ आणि जेलीफिश. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. रापणीची माणसं संघ करून राहतात आणि हिशेब वाळूतच होतो. दोरीला हात लावलेल्या पाहुणीलाही रिकामं पाठवत नाहीत. "हे घे, तुझो वाटो" म्हणून सात-आठ तारल्या हातात पडतात. माझ्या आजवरच्या कुठल्याही बोनसपेक्षा त्या तारल्यांचं मला जास्त अप्रूप वाटलंय.

मावशी त्या साफ करते, तिरफळ घालून तिखलं करते. तारलीला काटे खूप आणि ती पापलेटसारखी देखणी नाही. पण समुद्रातून ताटात यायला तिला तीन तासही लागलेले नसतात.

चीक, कुळीथ आणि एकशिप्या

दुपार घरातली. या दिवसांत मावशीच्या मागच्या पडवीत ओल्या काजूंचा ढीग असतो. ओले काजूगर हॉटेलात उसळीत खाताना आपल्याला त्यांच्या भावाचं फार आश्चर्य वाटतं. एकदा ते काढताना बघा, आश्चर्य संपेल. हिरव्या बीच्या सालीत जळजळीत तेल असतं, ते लागलं की कातडी भाजते. हाताला खोबरेल चोपडून, राख लावून, एकेक बी चिरायची, कोवळा गर अलगद काढायचा, मग गरम पाण्यात टाकून साल सोडवायची. गर शेकड्यावर विकले जातात, वजनावर नाही. शंभर गरांसाठी शंभर वेळा हेच. सीझन संपेपर्यंत बायकांची बोटं काळी पडलेली असतात. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेलं हे झाड, पण त्याची उसळ मात्र अस्सल इथली. ओलं खोबरं, गरम मसाला, सोबत घावणे. बास!

याच सुमारास नवा कुळीथ घरात आलेला असतो. भात कापल्यावर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर पेरलेलं हे पीक, त्याला वेगळं पाणी लागत नाही. नव्या कुळथाच्या पिठाची पिठी, वर लसणाची फोडणी, गुरगुट्या भात. रात्री उशिरा घरी येऊन टू-मिनिट नूडल्स करणाऱ्या माझ्यासारख्या समस्त जनतेला सांगते, पिठीलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. मी येताना दोन किलो पीठ घेऊन येते आणि ते जूनपर्यंत पुरवते.

फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या याच दिवसांतल्या, शेवग्याची फुलंही. आणि पौर्णिमा जवळ आली की खाडीत तिसरे. पौर्णिमा-अमावास्येला भरती जोराची, तशीच ओहोटीही खोलवर जाते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडते. बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतात आणि पायाच्या बोटांनी वाळू चाचपून शिंपले शोधतात. मी तासाभरात जेमतेम ओंजळभर गोळा करते, शेजारची आजी तेवढ्या वेळात अर्धी टोपली भरते. मग त्यांच्या एकशिप्या, म्हणजे शिंपल्याची एक बाजू काढायची, दुसरी मांसासकट ठेवायची आणि खोबऱ्याच्या वाटणात शिजवायची. जेवताना बोलायचं नाही, चोखायचं!

मालवणात चक्कर

संध्याकाळी मालवणची बाजारपेठ. अरुंद रस्ते, काही जुनी कौलारू दुकानं, खाजा, कोकम आगळ, मसाल्याचा वास. पण फाल्गुनात माझी नजर शोधते ती सुरंगी. गजरेवालीच्या टोपलीत पिवळ्या-पांढऱ्या कळ्यांचे वळेसार असतात. सुरंगीचा वास मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही, हळूहळू चढतो, आणि गजरा सुकला तरी जात नाही. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत मागच्या वर्षीचा एक वळेसार आहे. मीटिंगमध्ये बॅग उघडली की शेजारचा विचारतो, परफ्यूम कुठलं?

ही झाडं कर्लीपलीकडे वेंगुर्ले तालुक्यात जास्त. आसोली, आरवली ही त्यातली नावाजलेली गावं. कळी फांदीलाच चिकटून येते आणि उमलायच्या आत काढावी लागते. सकाळी झाडावर चढायचं, मधमाश्यांना सांभाळत कळ्या खुडायच्या किंवा खाली कापड अंथरून त्यावर पाडायच्या. बहर जेमतेम दोनेक महिन्यांचा. सुकवलेल्या कळ्यांना अत्तर आणि रंगासाठी मागणी असते. दहा-वीस रुपये जास्त सांगितले म्हणून घासाघीस करायच्या आधी तेवढं आठवा.

गजरा घेतला की बंदरावर. होड्या परततात, ओल्या फरशीवर माशांचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. भाषा मालवणी, वेग शेअर बाजाराचा. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत तो बांधून झाला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ला दिवसा बघावाच. पण बंदराच्या कठड्यावर बसून, हातात खाजा आणि मागे लिलावाचा आरडाओरडा असताना त्याच्यावर पडणारं शेवटचं ऊन बघणं, याची मजा और!

शिमगो इलो

आणि मग होळी. सिंधुदुर्गात तिला शिमगो म्हणतात आणि ती एका रात्रीत संपत नाही. गावागणिक पाच, सात, अकरा, पंधरा दिवस चालते. कुठे आंब्याचं झाड, कुठे पोफळ, वाजतगाजत आणून देवळासमोर उभं केलं जातं. कुणी कुठे हात लावायचा, कुणाचा मान कुठला, हे गावऱ्हाटीत ठरलेलं. ढोल वाजतात, साडी नेसलेला पुरुष राधा होऊन नाचतो. दिवसा पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरून गाड्या अडवतात आणि 'शबय' मागतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि हसत द्या, हा टोल मला कायम मान्य आहे.

शिमग्याला चाकरमानी परत येतात. गणपतीएवढे नाही, पण येतात. त्याच्या थोडं आधी, बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या आसपास, मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा होते. तिची तारीख तिथीवर नाही, देवीच्या कौलावर ठरते, आणि ती जाहीर झाली की मुंबईतले मालवणी ऑफिसात रजेचे अर्ज टाकतात. एचआरला हा प्रकार समजावून सांगणं अवघड आहे. दोन-चार दिवस बंद घरांत दिवे लागतात, अंगणं सारवली जातात, झाड उचलायला खांदे मिळतात. शिमगा संपला की रात्रीच्या गाड्या भरून परत.

इसवण काय माडार लागता?

आता जरा वेगळं. मागच्या फाल्गुनात एक पाहुणे कुटुंब मावशीकडे उतरलं होतं. चांगली माणसं, माझ्याच वयाची, आयटीतली. तिन्ही दिवस दोन्ही वेळा त्यांना सुरमईच हवी होती. त्या दिवशी रापणीत ढीगभर तारली लागली होती. मावशीने सुचवून बघितलं, त्यांनी नम्रपणे नको म्हटलं. मग भाचा मोटरसायकलवरून मालवणला गेला आणि चढ्या भावाने सुरमई घेऊन आला. स्वयंपाकघरात मावशी मला हळूच म्हणाली, "इसवण काय माडार लागता?"

हसले मी, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. रापणीत रोज सुरमई येत नाही. जे येतं ते तारली, पेडवे, बांगडे, कर्ली. आपल्या मेनूकार्डात त्यांना जागा नसली की रापणीच्या वाट्याला भाव राहत नाही. मुळात मासाही कमी झालाय, असं रापणीतले लोक सांगतात. पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडीचे दिवे लावून केलेली मासेमारी याविरुद्ध हा किनारा अनेक वर्षं भांडतोय. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं घातली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली, २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलून दंड वाढवला. कागदावर हे सगळं आहे. समुद्रात काय होतं यावरून तंटे मात्र चालूच आहेत.

रापणीतले एक काका दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आदी माणसा हाक न मारता येयत. आता फोन करूचे लागतत." तरुण मुलं स्कूबाच्या बोटीवर, रिसॉर्टवर, नाहीतर मुंबईत. त्यांना कोण नावं ठेवणार? तिकडे महिन्याला पगार आहे. रापणीत जेलीफिश आले तर वाटाही नाही. मी स्वतः पगाराच्याच बाजूला बसलेली आहे. पर्यटन वाईट, असं मी म्हणणार नाही. मावशीचं घर त्याच्यावरच चालतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने कौलं उडवली, ती पुन्हा घातली गेली तीही पाहुण्यांच्या पैशातून.

पण पाहुणा काय मागतो यावर गाव काय ठेवतं आणि काय सोडून देतं, हे बरंचसं ठरतं. मला आवडणारी प्रत्येक गोष्ट तपासून बघितली तर तिच्यामागे कुणाची तरी काळी पडलेली बोटं, लाल झालेले तळहात किंवा पहाटेची झाडावरची चढण निघते. ती माणसं थांबली की सीझन येईल, मोहोर येईल, समुद्रही सपाट असेल, फक्त ताटात आणि केसांत काही येणार नाही. आणि ती माणसं टिकायला आपण करू शकतो ती गोष्ट अगदी सोपी आहे. मेनूकार्ड बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, आज काय गावला?

जे असेल ते खायचं. तारली असेल तर तारली. काही नसेल तर कुळथाची पिठी आणि लोणचं. निघताना काजूगर आणि पीठ त्याच घरातून घ्यायचं, हायवेवरच्या चकाचक दुकानातून नाही. एवढं केलं तर मजा दुप्पट होते, हा माझा स्वतःचा अनुभव. रोज काय मिळणार हे माहीत नसण्याची एक वेगळीच एक्साइटमेंट असते. आपल्या एरवीच्या आयुष्यात सगळंच आधी बुक केलेलं असतं ना!

जायचं कसं?

मुंबईहून कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी एक्स्प्रेस, उतरायचं कुडाळला. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळतात. मालवणहून तारकर्ली-देवबागच्या एसटीत बसा, खिडकी उजवीकडची पकडा. तिकिटं मात्र आधी काढा, विशेषतः शिमगा आणि आंगणेवाडीच्या आठवड्यात, कारण तेव्हा वेटिंग लिस्टही मालवणीत बोलते. स्कूबा करायचं असेल तर या दिवसांत समुद्र शांत असतो, लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षित माणूस बघूनच बोटीत चढा. राहायला रिसॉर्टही आहेत, पण घरातली खोली मिळाली तर ती घ्या.

बरोबर जुने कपडे न्या. काजूचा डाग निघत नाही आणि रापणीची दोरी कुठल्याही ब्रँडला ओळखत नाही.